काळ्या रंगाचे मास्तर

मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. त्याच्या गाडीच्या बॉनेटकडे बघतात, तेही मान वाकडी करून आणि एक डोळा बारीक करून. लग्नाला गेले की गेटपासून हॉलपर्यंत पोचायला त्यांना अर्धा तास लागतो, कारण मध्ये पार्किंग लागतं. स्टेजवर गेल्यावर ते नवरदेवाच्या कानात काहीतरी पुटपुटतात. लोकांना वाटतं, आशीर्वाद देताहेत. ते सांगत असतात की गाडीवरची फुलं ज्या चिकटपट्टीनं लावलीत ती उन्हात तापायच्या आत काढून टाका, नंतर तो गोंद निघता निघत नाही.

पुण्यात धायरीतल्या एका गाळ्यात त्यांचं डिटेलिंगचं, म्हणजे गाडीचा रंग निगुतीनं उजळवायचं काम चालतं. उमेदीची वर्षं मात्र डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये गेली. तिथे 'रबिंग मारणे' हा सगळ्या दुखण्यांवरचा एकच इलाज. रोटरी मशीनला लोकरीचं पॅड लावायचं, त्यावर लपकाभर कंपाउंड घ्यायचं, आणि दहा मिनिटांत गाडी चकाचक. मग ती उन्हात नेली की मशीनच्या सगळ्या फेऱ्या रंगावर उमटलेल्या दिसायच्या. त्या चकाचकीवरचा मास्तरांचा विश्वास तिथेच उडाला. आता त्यांच्यासमोर कुणी 'जरा रबिंग मारून द्या' म्हणालं, की ते खुर्चीवरून उठतात, गाळ्याबाहेर जाऊन पाणी पितात आणि मगच परत येतात.

कुठल्या शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही. पण गिऱ्हाइकाचा वर्ग घेतल्याशिवाय ते गाडीला हात लावत नाहीत, म्हणून मास्तर.

या वर्गात बसणारे बहुतेक काळ्या गाडीचे मालक. काळी गाडी शोरूममध्ये आवडते आणि वर्षभरानं रात्री पेट्रोल पंपावर खरी दिसते. पंपाच्या छपरातले पांढरे दिवे बॉनेटवर पडतात आणि प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणलेलं असतं. त्या रात्री मालकाला झोप नसते, आणि सकाळी तो धायरीत हजर होतो.

असेच एक साहेब आले. मोठी काळी एसयूव्ही, दोन वर्षांची.

"पुसतं कोण ही गाडी?" मास्तरांचा पहिला प्रश्न.

"आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे. रोज पहाटे साडेपाचला येतो. पावसातसुद्धा खाडा नाही हो त्याचा!"

"तरीच," मास्तर म्हणाले. "अधूनमधून खाडा केला असता तर गाडी वाचली असती."

साहेबांचा चेहरा पडला. मास्तरांनी फळ्याच्या जागी बॉनेट वापरून धडा सुरू केला. मुलगा एक, बादली एक, फडकं एक, आणि ए विंगपासून सी विंगपर्यंत गाड्या वीस. तुमची गाडी येईपर्यंत त्या फडक्यात एकोणीस गाड्यांची धूळ. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळू रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कडक. तो थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. "म्हणजे केसाच्या जाडीहून कमी माल आहे तुमच्याकडे," मास्तर म्हणाले, "आणि त्यावर तुम्ही रोज पहाटे वाळू घासून घेताय. महिन्याला पैसे देऊन."

"पण माझ्या भावाची पांढरी गाडी तोच पुसतो. तिच्यावर काहीच नाही."

हा प्रश्न आला की मास्तर खुलतात. ओरखडे तिच्यावरही तेवढेच आहेत. पांढरा रंग स्वतःच इतका उजेड फेकतो की ओरखड्यांची चमक त्यात हरवून जाते. काळा रंग उजेड गिळतो, मग ओरखड्याच्या कडेवरून परतलेली एवढीशी तिरीप एकटीच उठून दिसते. "पांढरी गाडी घरातलं घरात ठेवते, काळी चव्हाट्यावर आणते." एवढं बोलून त्यांनी खिशातला टॉर्च काढला. बॉनेटवर उजेडाभोवती गोल गोल जाळं दिसलं. टॉर्च वीतभर सरकवला. जाळंही वीतभर सरकलं. ओरखडे गोल नसतातच, सगळ्या दिशांना आडवेतिडवे पडलेले असतात. त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती चक्र दिसतं. साहेब पाच मिनिटं नुसता टॉर्च सरकवत बसले.

मग येतं जाडी मोजायचं यंत्र. काडेपेटीपेक्षा थोडंसं मोठं, पत्र्याला टेकवलं की रंगाचे सगळे थर मिळून किती मायक्रॉन ते सांगतं. कंपनीच्या रंगाला साधारण १०० ते १४० दाखवतं. किती घासता येईल हे ठरवायला ते असतं खरं, पण मास्तरांच्या गाळ्यात त्यानं भलतीच कामं केली आहेत. 'एकाच डॉक्टरची गाडी, कधी खरचटलेलीसुद्धा नाही' म्हणून घेतलेल्या एका जुन्या गाडीच्या डाव्या दारावर आकडा हजाराच्या पलीकडे गेला. दारात पत्रा कमी आणि लांबी, म्हणजे पुट्टी, जास्त होती. नवीन मालकानं तिथूनच एजंटाला फोन लावला. मास्तरांनी शांतपणे उजव्या दाराला यंत्र लावलं, कारण फोन चालू आहे तोवर तेही कळलेलं बरं.

आता यात एक गोष्ट मला आवडते ती सांगतो. हा माणूस रंगावर उरलेली घाण डोळ्यांनी शोधत नाही, हातानं शोधतो. गाडी धुऊन झाली की पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पंजा घालून बॉनेटवरून अलगद फिरवतो. उघड्या बोटांना जी गुळगुळीत लागते तीच जागा पिशवीतून खरबरीत लागते. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा मास्तर काही दिवस फार अस्वस्थ होते. आता पावाच्या लादीच्या पिशवीवर भागवतात. रंगात रुतलेले लोखंडाचे कण काढायला ते एक द्रव फवारतात. लोखंड भेटलं की तो जांभळा होतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. जांभळे ओघळ बघून साहेब ओरडले, "रंग गेला!" मास्तरांनी त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर पाठवलं.

पुढचे तीन दिवस मालकाला गाळ्यात प्रवेश नसतो. काचेचे रबर, प्लास्टिकच्या पट्ट्या, दारांच्या कडा या सगळ्यांवर कागदी टेप बसते, कारण कडेला रंग सगळ्यात पातळ असतो आणि तिथे मशीन जरा रेंगाळलं की खालचा पत्राच दर्शन देतो. आधी हातभर जागेवर प्रयोग. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश. त्यानं भागलं नाही तरच पुढची पायरी. मास्तर ओरखडे 'काढत' नाहीत, ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर दोन-चार मायक्रॉन खाली आणतात, आणि जो ओरखडा त्याहून खोल आहे त्याला नमस्कार करून सोडून देतात. शेवटी अल्कोहोलनं पुसून घेतात. काही ठिकाणी तेलकट ग्लेझ ओरखड्यांत भरून गाडी झळकवून देतात, ते चार धुण्यांत वाहून जातं. मास्तरांच्या भाषेत तो 'मेकप'. अल्कोहोल मेकप उतरवतो, खालचा चेहरा दाखवतो. तो बघून मास्तर बहुतेक वेळा पुन्हा मशीन सुरू करतात. जेवणाचा डबा तसाच राहतो आणि घरून फोन येतो.

चौथ्या दिवशी साहेब आले आणि बॉनेटमध्ये वाकून स्वतःचा भांग नीट करू लागले. रंगावर लावायच्या संरक्षक कोटिंगचा विषय निघाला.

"नाइन एच आहे ना? म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल?"

मास्तरांनी खणातून पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्यांनी एच आणि बी च्या पेन्सिली वापरलेल्या असतात. हा एच तोच. पेन्सिल ४५ अंशांत धरून पृष्ठभागावर रेटायची. ९ एचच्या, म्हणजे मोजपट्टीतल्या सगळ्यात कडक पेन्सिलीनंही चरा उमटला नाही, की मिळाली पदवी. "हिऱ्याशी काही नातं नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्या गाडीवर कुणी पेन्सिलीनं नाव लिहिलं तर तुम्ही सुरक्षित. नाणं घेऊन आला तर माझ्याकडेच यायचं."

गाडी सोपवताना मास्तर नियम सांगतात. कोरडी पुसायची नाही. दोन बादल्या, एक साबणाची, एक हात विसळायची. जुना बनियन नाही, सिग्नलवरचं पिवळं फडकं नाही, धूळ झटकायची झटकणी तर नाहीच. बोअरचं पाणी उन्हात वाळू द्यायचं नाही, क्षारांचे डाग बसतात. दसऱ्याला झेंडूच्या माळेची तार बॉनेटला लागता कामा नये, कुंकवाचं स्वस्तिक काचेवर काढा, देवाची हरकत नसते. मला वाटतं, खरं काम इथेच होतं: गाडीतले ओरखडे निघतात आणि मालकाच्या डोक्यात कायमचे बसतात. आता तो मॉलमध्ये खांबाशेजारी, लिफ्टपासून सगळ्यात लांब गाडी लावतो, आणि बायको पिशव्या घेऊन चालत येते.

मास्तरांकडे स्वतःची गाडी नाही. उन्हानं मूळ रंग विसरलेली एक स्कूटर आहे. "काळी घेतली तर जीवाला घोर," ते म्हणतात, "आणि पांढरी घेऊन करायचं काय?"

या वर्गाचा एक परिणाम मास्तरांच्या ध्यानात आला नव्हता. त्या साहेबांच्या सोसायटीतल्या तीन काळ्या गाड्यांनी पहाटेच्या मुलाला काढून टाकलं. चौथ्या दिवशी तो बादलीसकट गाळ्यात भांडायला आला. बराच वेळ बोलला, आणि त्याचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं: फडकं बदलायला सांगा, पैसे वाढवून द्या, पाणी द्या, कुणी दिलं का? मास्तर त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते त्याचा हात बघत होते. बोलता बोलता सवयीनं तो समोरच्या दाराची धूळ पुसायला गेला होता आणि हाताचा दाब एका रेषेत, एकसारखा पडत होता. रोज वीस गाड्या, चार वर्षं. असा हात शिकवून येत नाही. सोमवारपासून तो कामावर.

आज तो मास्तरांपेक्षा कडक आहे. परवा त्याच सोसायटीतले बी विंगचे एक गृहस्थ काळी सेडान घेऊन आले. पोरगा टॉर्च घेऊन पुढे झाला, मान वाकडी केली, एक डोळा बारीक केला.

"कोण पुसायचं हो ही गाडी?"

"तूच की रे. चार वर्षं."

पोरगा जराही डगमगला नाही. "तरीच," म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं: कटिंग, फिनिशिंग, दोन्ही टप्पे.