रा. रा. कंदपोखरे यांस अनावृत पत्र

रा. रा. कंदपोखरेसाहेब,
मु. पो. आयरिसचा गड्डा, न्यू जर्सी.

सा. न. वि. वि.

आपली प्रकृती उत्तम असल्याचं परवा गड्डा उकरला तेव्हा दिसलंच. करंगळीएवढा गुलाबट देह, काळसर डोकं आणि भोवती नाक धरायला लावणारा लगदा. त्या घाणीत आपण तेवढे टवटवीत. अभिनंदन!

इकडे बाग करायची म्हणजे पहिला जाच हरणांचा. ट्युलिपच्या कळ्या आणि होस्टाची पानं एका रात्रीत साफ. आयरिसला मात्र ती सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून आम्ही तोच लावला. शिवाय अप्पर माँटक्लेअरची प्रेस्बी आयरिस बाग आहेच भुरळ घालायला. 1927 सालची ती बाग मे महिन्यात एकदा पाहिली की माणूस गड्डे विकत घेतल्याशिवाय राहत नाही. आमचा 'डस्की चॅलेंजर'ही सुरुवातीला असा फुलायचा की जांभळा कुठे संपला आणि काळा कुठे सुरू झाला ते कळू नये. भिशीला आलेल्या बायका त्याच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढून गेल्या. त्या फोटोंत बहुधा आपणही होतात.

कारण आपलं काम तेव्हाच तर चालू असतं. वसंतात अंड्यातून बाहेर पडायचं, पानाला टाचणीने टोचल्यासारखं भोक पाडायचं आणि पानाच्या आतून पोखरत खाली सरकायचं. वर फुलाचं कौतुक चाललेलं, आत आपला बोगदा. जुलैच्या सुमारास आपण गड्ड्यात दाखल. फ्लॉरेन्सकडे हेच गड्डे अत्तरासाठी वर्षानुवर्षं वाळवतात, तेव्हा कुठे त्यांना वास सुटतो. आपल्या हाताखाली वास काही आठवड्यांतच सुटतो. मात्र तो अत्तराचा नसतो. आपण केलेल्या वाटेने जिवाणू शिरतात आणि उरलासुरला गड्डा सडवतात. सांगली-साताऱ्याकडच्या हळदीत कंदमाशी आणि तिच्यामागून कंदकूज अशीच जोडीने येते. सोयरीक नसेल, पण रीत तीच.

आपण यावर काय म्हणणार तेही ठाऊक आहे: "मी इथला भूमिपुत्र!" खरं आहे. आपलं घराणं उत्तर अमेरिकेतलंच, आणि पाणथळ जागेतल्या इथल्या निळ्या रानटी आयरिसवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेलं. माझ्या वाफ्यातला दाढीवाला आयरिस युरोपातून आलेला, आणि मी तर कोथरूडहून. दोघेही परप्रांतीय. पण साहेब, हक्काची लढाई लढायची तर निदान पाटी तरी लावावी. हे मुकाट्याने घरात शिरून पाया खाणं कुठल्या चळवळीत बसतं?

आपल्या चातुर्याला मात्र दाद द्यायला हवी. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपण पतंग होऊन रात्री हिंडता आणि अंडी घालता ती वाळक्या पानांवर. नेमकं तेव्हाच इथले निसर्गप्रेमी सांगत फिरतात की पानगळ उचलू नका, त्यात उपयोगी किडे हिवाळा काढतात. सल्ला चांगला आहे आणि इतर वाफ्यांत मी तो पाळतेही. पण आयरिसच्या वाफ्यात तो पाळणं म्हणजे आपल्या बाळंतपणाचा खर्च उचलणं. तेव्हा तिथली पानं यंदा थंडी पडताच मुळापासून कापून कचऱ्याच्या पिशवीत जातील. वसंतात बोगदा दिसला की पान चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत दाबत नेईन. आपण आत असलात तर आवाजावरून कळेलच.

पन्हळीखालचा सायबेरियन आयरिस दरवर्षी झुपक्याने फुलतो. त्याच्याकडे आपण फारसे फिरकत नाही. गड्डा बारीक म्हणून जागा अपुरी पडते की काय, देव जाणे. आपली नापसंती पाहून त्याचा दुसरा वाफाही आखून ठेवला आहे.

आणि हो, आपल्या सोबतीला मी सूत्रकृमी मागवले आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्यात कालवून मातीत सोडायचे. ते आपल्याला शोधत येतात, हळूच अंगात शिरतात, बरोबर आणलेले जिवाणू आत सोडतात आणि मग निवांत जेवायला बसतात. पद्धत आपल्या ओळखीची वाटेल.

कळावे, लोभ नसावा ही विनंती.

आपली,
घरमालकीण