टार्टनची चांडाळचौकडी

अहो, कळलं का? किल्टवर किल्टच्याच चौकडीचा टाय! तेवढ्यावर थांबलं असतं तर लोकांनी कानाडोळा केला असता. पण टायखाली बंडी त्याच चौकडीची, पोटरीवर मोज्यांच्या दुमडीतून डोकावणाऱ्या पट्ट्या त्याच चौकडीच्या, आणि वरच्या खिशातला रुमाल? तोही त्याच चौकडीचा! स्कॉटलंडमध्ये लग्नाचा हंगाम आला की कुठल्या ना कुठल्या चर्चच्या पायऱ्यांवर असा एखादा नवरदेव नखशिखान्त टार्टन, म्हणजे कुळांच्या नावाने ओळखली जाणारी ती स्कॉटिश चौकडी, होऊन उभा राहतो आणि मागे जाणकारांची कुजबुज सुरू होते. नवरीकडे कोण बघतंय! सगळ्यांच्या नजरा त्या टायवर.

ही जाणकार मंडळी भलतीच कडक. त्यांचं म्हणणं असं, की आठ वार लोकरी कापड, मागे दाबून बसवलेल्या निऱ्या, पुढे सपाट पदर, खालची कड बरोबर गुडघ्याशी, एवढा ऐवज कमरेला गुंडाळल्यावर बाकीच्या कपड्यांनी मान खाली घालून उभं राहावं. टाय एकरंगी, फार तर किल्टमधल्या एखाद्या धाग्याचा रंग उचला. बंडी जाकिटाच्याच कापडाची. बंडी घातली की कमरपट्टा नाही. पुढे लोंबणारी थैली, म्हणजे स्पोरन, दिवसा साध्या चामड्याची आणि संध्याकाळी केसाळ, चांदीच्या मढवणीची. मोठी पिन फक्त वरच्या पदराला टोचायची. दोन्ही पदर मिळून टोचलेत तर कापड ओढलं जातं आणि नवखेपण उघडं पडतं. मोजे घ्या, पण कृपा करून पांढरे नकोत. पांढरे मोजे दिसले की जाणकारांना भाड्याचं दुकान आठवतं, आणि भाड्याचं दुकान आठवलं की त्यांचं जेवण कडू होतं.

टायवरचा राग मात्र नुसतं नाक मुरडणं नाही, त्यामागे शिंप्याचं कारण आहे. टाय कापतात तिरका. त्यामुळे किल्टवरची सरळ उभी-आडवी चौकट टायवर येते तेव्हा कर्णावर उभी राहते. त्यात किल्टचं कापड जाड, टायचं पातळ. रंगाचा घाणा वेगळा निघाला तर किल्टचा लाल आणि टायचा लाल एकमेकांना ओळखही देत नाहीत. वर पुन्हा एकाच टार्टनच्या रंगछटा तीन तऱ्हांच्या मिळतात: ‘मॉडर्न’ गडद, ‘एन्शंट’ फिकट, ‘वेदर्ड’ मातकट. हौसेने मॉडर्न किल्ट शिवून घ्यायचा आणि विमानतळावर घाईत त्याच कुळाचा एन्शंट टाय उचलायचा, हा तर या पंथात गुन्ह्यांचा गुन्हा. कूळ एक, चौकडी एक, आणि तरी दोघांचं क्षणभर पटत नाही.

खांद्यावरच्या शेल्याला मात्र पूर्ण माफी आहे. डाव्या खांद्यावर मोठ्या ब्रूचने अडकवलेला शेला किल्टच्याच टार्टनचा हवा, नसेल तर उलट तीच चर्चा होईल. मोज्यांच्या पट्ट्यांना अर्धी माफी. टायला नाही. का नाही म्हणून विचारलंत तर समोरचा भुवया उंचावतो, आणि तेवढंच उत्तर पुरेसं असतं.

बायकांचा प्रकार आणखी मसालेदार. त्यांच्या टार्टन सॅशबद्दल, म्हणजे खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्याबद्दल, लॉर्ड लायन, म्हणजे स्कॉटलंडमधले कुलचिन्हांचे सर्वोच्च अधिकारी, यांच्या कचेरीने मान्य केलेले संकेत आहेत. सर्वसाधारण कुळातल्या बाईने सॅश उजव्या खांद्यावर घ्यायची. कुळप्रमुखाची किंवा स्कॉटिश पलटणीच्या कर्नलची बायको असेल तर डाव्या. लग्न दुसऱ्या कुळात झालं आणि तरी माहेरचंच टार्टन मिरवायचं असेल तर उजव्या खांद्यावरून घेऊन डाव्या कमरेवर मोठी गाठ. म्हणजे पाहा, दालनात पाऊल टाकताच बाईचं सासर, माहेर आणि नवऱ्याचा हुद्दा, तिन्ही गोष्टी बोलण्याआधीच जाहीर! चुकून खांदा बदलला की उगाच कर्नलीणबाई. पुरुषांच्या टोपीतही हाच हिशोब: कुळप्रमुखाला गरुडाची तीन पिसं, उपप्रमुखाला दोन, स्वतःचं कुलचिन्ह मंजूर असलेल्याला एक. बाकीच्यांनी टोपी बिनपिसाची घालावी आणि पिसांकडे बघू नये.

आपल्याकडे पैठणीचं वेड आलं तेव्हा काय झालं आठवतं? आधी साडी, मग त्याच काठाचं नवऱ्याचं जाकीट, मग बटवा, मग बाळाचं झबलं, मग चपलेचा पट्टाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी म्हणालंच, ‘आता पुरे.’ स्कॉटलंडमध्ये हे ‘आता पुरे’ टायपाशी येतं, इतकंच.

आता खरी खमंग गोष्ट. एवढ्या आवेशाने ज्या वाडवडिलांच्या नावाने नियम सांगितले जातात, त्या वाडवडिलांनी काय घातलं होतं? डेव्हिड मोरिए या चित्रकाराने १७४६ च्या कलोडनच्या लढाईवर काढलेलं चित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यातले हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले लोक, निरखून बघा. एकाच माणसाची बंडी एका टार्टनची, जाकीट दुसऱ्या, खालचं वस्त्र तिसऱ्या आणि मोजे चौथ्याच! मूठभर माणसांच्या अंगावर जाणकारांनी वीसहून जास्त निरनिराळी टार्टन मोजली आहेत. त्याआधी रिचर्ड वेट या चित्रकाराने ग्रँट कुळातल्या मंडळींची चित्रं काढली. त्यांच्याही अंगावर नाना तऱ्हेची टार्टन आहेत, आणि आज दुकानात ‘ग्रँट’ म्हणून जे कापड मिळतं त्याच्याशी एकही जुळत नाही. मोजेही त्या काळी विणलेले नसत. त्याच जातीचं कापड तिरकं कापून शिवलेले असत. म्हणजे पूर्वज मोकळेपणाने सरमिसळ करत होते, मोज्यांपर्यंत चौकडी नेत होते, आणि कुणाच्या पोटात दुखत नव्हतं. दुखलं ते लंडनच्या सरकारच्या. कलोडनला स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने झालेलं हायलँडरांचं बंड मोडल्यावर १७४६ मध्ये कायदा आला: सैन्याबाहेरच्या हायलँडरने हा पोशाख घातला तर पहिल्या वेळी सहा महिने तुरुंग, दुसऱ्या वेळी सात वर्षं सातासमुद्रापार. टार्टनवरून खरोखर शिक्षा झाली ती एवढीच, आणि तीही जुळणीवरून नव्हे. कायदा उठला १७८२ मध्ये. तोवर एक अख्खी पिढी बदलली होती.

आणि मग आले महाराज. १८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला. सुमारे पावणेदोनशे वर्षांत स्कॉटलंडला आलेला पहिला राजा. स्वागताचा सगळा घाट कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने घातला आणि झाडून सगळ्यांना टार्टनमध्ये उभं केलं.   राजाचं वजन अफाट, किल्ट आखूड, आणि पाय झाकायला गुलाबी तंग मोजे! होलीरूड राजवाड्यातल्या दरबारात हा अवतार पाहून बायकांनी काय काय म्हटलं ते इथे न सांगणंच बरं. पोशाखाचं बिल झालं १,३५४ पौंडांचं, आणि त्यात साटिन, मखमल आणि काश्मिरी कापड, सगळं शाही स्ट्युअर्ट चौकडीत. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत जुळवणीची चाल कुणी पाडली ते कळलं ना? पुढे डेव्हिड विल्कीने राजाचं चित्र काढलं, त्यात किल्ट जरा खाली उतरला आणि गुलाबी मोजे गायब झाले. दरबारी चित्रकाराला पोट असतं.

त्या सोहळ्यात सगळ्यात मोठा कांगावा केला ग्लेनगॅरीचा कुळप्रमुख मॅकडॉनेल याने. ‘अस्सल हायलँडर’ मंडळींची संस्थाच काढली होती त्याने. स्कॉटच्या शहरी मित्रांनी टार्टन घातलेलं पाहून त्याने हे सगळे तोतये आहेत अशी जाहीर बोंब मारली, स्वतः मात्र राजाच्या आगमनाच्या वेळी आमंत्रण नसताना घोडा दामटून पुढे घुसला. पोशाख बिनचूक, शस्त्रं बिनचूक. फक्त त्याच्या जमिनीवरची कुळं बिचारी बेदखल होऊन परदेशी चालली होती. कुळाचा पोशाख राखायचा आणि कुळातली माणसं हाकलायची! इथे आम्ही थट्टा थांबवतो; हे हसण्यासारखं नाही.

तर राजा गेला आणि बॅनकबर्नच्या विल्सन या विणकर पेढीची चांदी झाली. प्रत्येक कुळाला आपलं टार्टन हवं, आणि ते कालपासूनच असलं पाहिजे! पेढीकडे नुसत्या आकड्यांनी ओळखली जाणारी नक्षी होतीच. तिला नावं चिकटली. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये एक किस्सा पुन्हा उजेडात आणला आणि स्कॉटलंडचा संताप ओढवून घेतला. आज मॅकफर्सन म्हणून मिरवतं ते टार्टन आधी होतं नुसतं ‘क्रमांक १५५’. मग ते किड नावाच्या गृहस्थाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांसाठी घाऊक घेतलं म्हणून झालं ‘किड’. आणि त्यानंतर मॅकफर्सनांचं प्राचीन वैभव. आता बोला!

यावर कळस चढवला दोन भावांनी. मूळ आडनाव ॲलन. पण आपण कलोडनला हरलेल्या स्टुअर्ट राजपुत्राचे, बॉनी प्रिन्स चार्लीचे, नातू आहोत असं सांगत ते सोबिएस्की स्टुअर्ट म्हणून वावरले. १८४२ मध्ये त्यांनी ‘व्हेस्टिॲरियम स्कॉटिकम’ नावाचा जाडजूड ग्रंथ छापला, कित्येक शतकांपूर्वीच्या हस्तलिखितावरून म्हणे. हस्तलिखित बनावट होतं. स्कॉटने तर छापण्याच्या बऱ्याच आधी शंका घेतली होती. तरी त्यातल्या पाऊणशे टार्टनांपैकी कित्येक आजही मोठ्या अभिमानाने किल्टवर चढतात. आणि त्यांवर टाय जुळवावा की नाही, याचा वाद आपण गंभीर चेहऱ्याने घालतो!

व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, स्कॉटलंडमधल्या बॅल्मॉरल वाड्यात गालिचे आणि पडदेही टार्टनचे केले आणि १८५३ मध्ये स्वतः करड्या छटेचं बॅल्मॉरल टार्टन काढलं. ते राजघराणं आणि राजाचा पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, यांच्याशिवाय कुणी घालू नये, असा संकेत आहे. सगळ्या टार्टनमध्ये खरोखर सांभाळून राहण्यासारखं हेच काय ते. २००९ पासून स्कॉटलंडमध्ये सरकारी टार्टन नोंदवही आहे, पण तीही फक्त नक्षी नोंदवते. कुणी काय घालावं यावर हुकूम काढत नाही. बर्बेरीचा चौकडा तिथे आहे. शीख मंडळींसाठी १९९९ मध्ये निघालेलं ‘सिंग’ टार्टनही आहे, आणि ते पगडीवर शोभतं असं आमचं प्रामाणिक मत.

सत्तरच्या दशकात बे सिटी रोलर्स या पॉप बँडने आखूड विजारींच्या कडेला टार्टनच्या पट्ट्या लावल्या आणि पोरींनी मनगटाला टार्टनचे स्कार्फ बांधून किंचाळायला सुरुवात केली. फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडबाईंनी १९९३ मध्ये नवऱ्याच्या नावाने ‘मॅकॲन्ड्रिआस’ हे टार्टनच काढलं आणि एकावर एक चौकड्या चढवून मॉडेल रॅम्पवर सोडल्या. अभिनेता व्हिन डीझेल २००३ मध्ये एडिंबराच्या एमटीव्ही सोहळ्यात चामड्याचा किल्ट घालून आला. जाणकारांनी तोंडात बोटं घातली, पण तिकडे टाय तरी नव्हता!

आणि टार्टन आर्मीला, म्हणजे स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांना, तर कायदा लागूच नाही. किल्टवर संघाचा निळा शर्ट, पायात राकट बूट, डोक्यावर टार्टनची गोल टोपी आणि तिला खालून जोडलेले नारिंगी केस. १९९८ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्धच्या सामन्याआधी खेळाडू स्वतःच किल्ट घालून मैदानावर फेरी मारून गेले. त्या दिवशी टायची चौकशी कुणी केली नाही.

मग आमचा कौल काय? परंपरेचा दाखला देऊन टायला दोष देणाऱ्यांनी मोरिएचं चित्र एकदा बघावं आणि गप्प व्हावं. जुनी रीत म्हणाल तर चारही चौकड्या चालल्या असत्या, आणि त्याही चार वेगवेगळ्या! तरीही टाय नकोच. कारण इतिहास नव्हे, डोळे. तिरक्या कापाचा, पातळ कापडाचा, भलत्याच लाल रंगाचा तो तुकडा चांगल्या किल्टची शोभा घालवतो.

तुमचा कुणी भाचा एडिंबराच्या लग्नात उभा राहणार असेल, किंवा तुम्हालाच पाहुणा म्हणून भाड्याचा पोशाख चढवायचा असेल, तर दुकानदार पूर्ण संच समोर ठेवील. किल्ट घ्या, शेला हौस असेल तर घ्या, पट्ट्या तुमच्या मनावर. टाय एकरंगी मागा. नाही म्हणायचे तिथे पैसे पडत नाहीत.