कट्ट्यावर मत कसं द्यावं: नवनिवृत्तांसाठी प्राथमिक धडे

महाराष्ट्र शासनाचा कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. चतुर्थ श्रेणीतला असेल तर साठाव्या. शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, 'साहेबांचा स्वभाव मनमिळाऊ' हे चार जण सांगतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाकडे दोनच गोष्टी उरतात: भरपूर वेळ आणि तीस-पस्तीस वर्षं साठलेली मतं. ती साठली यात त्याचा दोष नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असताना शासनाच्या धोरणावर त्याला जाहीर टीका करता येत नव्हती. साहेबांच्या धोरणावर तर खासगीतसुद्धा नाही. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिथल्या सगळ्या विषयांवरची मतं घरच्यांनी देऊन टाकलेली असायची.

आता नियमाचं बंधन सुटलं, पण सराव कुठे आहे? म्हणून नवा निवृत्त पहिल्या दिवशी कट्ट्यावर येतो तेव्हा एकतर तोंड उघडत नाही किंवा सेवाकाळातलं सगळं एका बैठकीत बोलून टाकतो. दोन्ही प्रकारांत दुसऱ्या दिवशी त्याला बाकाचं उन्हाकडचं टोक मिळतं. अशांसाठी हे धडे आहेत. बँकवाले, एसटीवाले, विमावाले यांनाही चालतील. शिक्षकांनी ऐकण्याचा भाग दोनदा वाचावा.

बसणे आणि ऐकणे

मत देण्याआधी जागा लागते. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा असो, ठाण्याची तलावपाळी असो की सोसायटीच्या फाटकाजवळचा, कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला सिमेंटचा बाक असो, तिथली प्रत्येक जागा कुणाच्या तरी नावावर असते. पाटी नसते एवढंच. तेव्हा आधी विचारावं, "इथे कुणी बसतं का?" उत्तर 'नाही नाही, बसा' असंच येईल. तरी बसू नये. चौघांच्या माना कुठे वळतात ते पाहावं आणि मग ठरवावं.

पहिले आठ दिवस तीनच उद्गार काढायचे. 'हो ना', 'काय सांगता!' आणि 'कठीण आहे'. यातला तिसरा घरी आरशासमोर घोटून यावा. लांबलेला पाऊस, महापालिकेचा अर्थसंकल्प आणि कुलकर्ण्यांचा गुडघा या तिन्हींना तो तेवढाच शोभतो.

चालू घडामोडी

नवशिक्यांना वाटतं, हा विषय अवघड. खरं तर श्रीगणेशा इथूनच करावा. विषय जितका लांबचा तितकं मत ठाम देता येतं. अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं त्यावर बेधडक बोलावं. तिथला व्यापारमंत्री आपल्या बाकावर बसत नाही. दिल्लीवर बोलताना आवाज थोडा खाली घ्यावा, मुंबईवर बोलताना आजूबाजूला पाहावं आणि बागेतल्या स्वच्छतागृहाला कुलूप का असतं यावर बोलण्याआधी किल्ली कुणाकडे असते ते शोधून काढावं. बहुधा ती शेजारी बसलेल्याच्या मेहुण्याकडे निघते.

वाक्याची सुरुवात 'माझ्या माहितीप्रमाणे' अशी करावी. समोरच्याने तोच पेपर वाचनालयाच्या त्याच टेबलावर आपल्याआधी वाचलेला असतो, पण तो काही म्हणणार नाही, कारण पुढचं वाक्य त्यालाही तसंच सुरू करायचं असतं. आकडे शक्यतो टाळावेत. प्रत्येक कट्ट्यावर एक जण सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेला असतो.

एक विषय मात्र याला अपवाद. महागाई भत्त्याची गोष्ट निघाली की कट्ट्याचं रूपच पालटतं. जो गृहस्थ आत्ता पाच मिनिटं तिसऱ्या महायुद्धाच्या तारखा देत होता, तोच चष्मा बदलतो, खिशातली डायरी काढतो आणि कागदाला गुंडाळलेलं रबर मनगटावर चढवतो. थकबाकीचा कोणता हप्ता कुठल्या महिन्यात जमा झाला, जीआर कोणत्या तारखेचा, कोशागारात कुठल्या टेबलाला भेटायचं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा राहिला तर काय होतं, सगळं त्याच्या जिभेवर असतं. पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेतला असेल, म्हणजे अंशराशीकरण केलं असेल, तर पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते, पण ती आपोआप होईल या भरवशावर न राहता आधीच अर्ज करून ठेवावा, हे तो जवळजवळ कुजबुजत सांगतो. तिथे ठामपणा नसतो, 'बहुतेक' आणि 'एकदा खात्री करून घ्या' असतं. नवशिक्याने इथे मत देऊ नये. वहीपेन्सिल काढावी. माझं विचाराल तर कट्ट्यावरचा तेवढाच पाव तास मी लिहून घेण्याजोगा मानतो.

ज्यांची अजून दोन-चार वर्षं नोकरी उरली आहे आणि ज्यांना थांबवत नाही, त्यांच्यासाठी एक जुना दाखला आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. पंचविशीत त्यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहायला घेतली आणि १८४८ ते १८५० या काळात ब्राह्मणांपासून राज्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांना सुनावलं. सही 'लोकहितवादी'. म्हणायला शतपत्रं, भरली एकशे आठ. एवढं धाडस असेल तर टोपणनाव घ्यावं. पण आधी लोकहितवाद्यांनी आपल्याच लोकांच्या आळसाबद्दल काय लिहिलं आहे ते वाचावं. कदाचित लिहिण्याचा बेत रहित होईल.

वाचन

यासाठी वाचनालयाचं सभासदत्व घ्यावं. आपल्याकडे वाचनालयांना तोटा नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा वर्गांची ग्रंथालयं गावोगावी झाली. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयातसुद्धा वर्तमानपत्राचं टेबल असतंच, आणि मतं तिथेच तयार होतात. भिंतीवर 'कृपया शांतता राखा' असतं. ते पंख्यालाही लागू नाही.

टेबलाची रीत अशी: अग्रलेखाचं पान ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बघत उभं राहू नये. त्याने तो वाचून संपवलेला असतो. आता तो केवळ तुम्ही उभे आहात म्हणून वाचत असतो. शब्दकोडं पेनाने सोडवणाऱ्याशी मैत्री करू नये.

पुस्तकांवरचं मत देण्यासाठी पुस्तक वाचलं पाहिजे अशी एक जुनी समजूत आहे. वाचल्याने मत द्यायला वेळ लागतो, हे मात्र खरं. तोवर दोन वाक्यांवर भागतं. एक, 'भाषा छान आहे.' दोन, 'पण थोडं लांबलंय.' ही दोन्ही कुठल्याही पुस्तकाला, नाटकाला आणि व्याख्यानाला चालतात. काही पुस्तकांची मतं मात्र आधीपासून वाटून दिलेली आहेत. 'मृत्युंजय' निघालं की 'कॉलेजात असताना रात्रभर जागून वाचलं' एवढंच म्हणायचं असतं. दुसरं काही म्हणालात तर कर्णावर तासभर चर्चा होईल आणि दुपारचं जेवण चुकेल. 'कोसला' १९६३ मध्ये आली. तिच्याबद्दल एकतर 'आयुष्य बदललं' किंवा 'तीस पानांपुढे गेलो नाही' असं म्हणता येतं. मधलं मत सहा दशकांत कुणी दिल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

खरी मतं ऐकायची असतील तर ग्रंथालयाच्या पुस्तकांचे समास चाळा. तिथे पेन्सिलीने लिहिणारे अनाम टीकाकार आहेत, आणि मासिकांतल्या कितीतरी परीक्षणांपेक्षा ते मला भरवशाचे वाटतात. 'अरेरे', 'हे आधी पान ४२ वर आलं आहे', 'साताऱ्यात अशी गल्ली नाही'. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचं नाव गोल करून ठेवणारा एक जण प्रत्येक गावात असतो. तो नेहमी पेन वापरतो.

वर्षातून एकदा साहित्य संमेलन भरतं. तेव्हा 'संमेलनाला काही अर्थ राहिला नाही' हे मत देणं बंधनकारक आहे. आपण काही तरी नवं बोललो असा आविर्भाव मात्र आणू नये. पहिलं संमेलन न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात १८७८ साली भरलं आणि दुसऱ्याच्याच वेळी, १८८५ साली, जोतीराव फुल्यांनी येणार नसल्याचं पत्र पाठवलं. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही तिथे आपण का यावं, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो त्यांनी नाव-सहीसकट मांडला. आपली तक्रार बहुतेक वेळा जेवणाच्या कुपनांबद्दल असते.

घर

आता मूळ अडचणीकडे येऊ. कट्ट्यावर सहज मत देणारा माणूसही घरात पहिल्याच वाक्याला अडखळतो. ऑफिसात दुसऱ्याच्या टेबलावरची फाइल न विचारता उघडायची नसते हे जो पस्तीस वर्षं पाळत आला, तोच माणूस निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उघडतो.

"अगं, ही तूरडाळ वरच्या फळीवर का? रोज लागते ना?"

"अहो, ती वर्षाची भरलेली. रोजची खाली आहे, तुमच्या हाताशी."

"मग लेबलं लावू या का डब्यांना?"

इथे थोडा वेळ फक्त कुकरचा आवाज येतो.

"कुणासाठी लेबलं? मला ठाऊक आहे काय कुठे आहे. तुम्हाला काही काढायचं नसतं."

या ठिकाणी कोथिंबीर निवडायला घ्यावी. मत देण्याची हौस असेल तर ते कोथिंबिरीवर द्यावं, तेही 'आज जुडी चांगली मिळाली' इतपतच. ती कितीला मिळाली हे विचारल्याशिवाय सांगू नये. विचारल्यावर खरी किंमत तर मुळीच नाही, पाच रुपये कमी करून सांगावं.

सुनेबद्दलचं मत सुनेला सांगायचं नसतं, बायकोला सांगायचं असतं. आणि बायको ते सांगणार नाही याची खात्री असेल तेव्हाच. दूध उतू जाणं, एसी, घरकामाच्या मावशींचा पगार, नातवाची इंग्रजी शाळा हे विषय तीव्रतेच्या क्रमाने आहेत. नवशिक्याने एसीच्या पुढे जाऊ नये. सून "हो बाबा, बघते" म्हणाली की प्रकरण दप्तरी दाखल झालं असं समजावं. स्मरणपत्र पाठवू नये.

मुलगा परदेशात असेल तर रविवारी सकाळी आठला फोन होतो. तेव्हा न्यू जर्सीत शनिवारची रात्र असते आणि तो जांभई दाबत असतो. विचारण्याजोगं एकच: "थंडी किती?" परत कधी येणार, हा प्रश्न वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीत, आणि तोही आईने विचारायचा.

याच गृहस्थाला तासाभराने कट्ट्यावर पाहा. "आमचं तत्त्व आहे, मुलांच्या संसारात लुडबुड करायची नाही," असं तो सांगत असतो, आणि पाठोपाठ पाटलांच्या मुलाने पुण्यात दुसरा फ्लॅट घ्यायला नको होता हे हप्त्याच्या हिशेबासकट पटवून देतो. पाटील त्या दिवशी आलेले नसतात. स्वतःच्या घरावर मत नाही, दुसऱ्याच्या घरावर हातचं राखलेलं नाही, ही कट्ट्याची घटना आहे आणि ती मोडणाऱ्याची फजिती ठरलेली. कारण त्याच पाटलांचं घर बायकांच्या भिशीतही निघालेलं असतं आणि तिथे माहिती आधी येते, मत मागाहून. फ्लॅट मुलाने घेतलाच नव्हता, सासऱ्यांनी घेतला होता, हे दुपारी जेवताना कळतं. त्यावर ताटात बघून 'हं' म्हणावं.

संपादकांना पत्र

वर्षभर सराव झाला, बाकावर मधली जागा मिळाली, म्हणजे वर्तमानपत्राला पत्र लिहायला हरकत नाही. विषय एकच घ्यावा. 'अमुक तारखेच्या अंकातील बातमी वाचली' अशी सुरुवात करावी, शेवटी नाव आणि गाव घालावं, आणि 'निवृत्त अमुक अधिकारी' हे गाळावं. ते वाक्यरचनेवरून कळतंच. तुम्ही रस्त्यातल्या खड्ड्यावरून सुरू करून नव्या पिढीच्या संस्कारांपर्यंत दोन पानं लिहाल. छापून येताना फक्त खड्डा उरेल, तीन ओळींत, आणि वर मथळा दुसऱ्या कुणाचा तरी असेल. संपादकांना फोन करू नये.

अंकाच्या दोन प्रती घ्याव्यात. एक घरी कपाटात. दुसरी कट्ट्यावर न्यावी, पण कुणाला दाखवू नये. ते पान वर येईल अशी घडी घालून बाकावर ठेवावी आणि समोरच्या झाडाकडे बघत बसावं. दहा मिनिटांत सांख्यिकी खात्यातले गृहस्थ ती उचलतील, चष्मा लावतील, तीन ओळी मोठ्याने वाचून दाखवतील, तुमच्याकडे बघतील आणि म्हणतील, "भाषा छान आहे. पण थोडं लांबलंय."