कलम 243-ई चे जाहीर अभिनंदन

पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, असे राज्यघटनेचे कलम 243-ई सांगते. जालना जिल्हा परिषदेने ते काटेकोर पाळले. फेब्रुवारी 2017 मध्ये मतदान, मार्च 2022 मध्ये मुदत समाप्त. सदस्य एक दिवसही जास्त बसले नाहीत. मुदतीआधी नवी निवडणूक घ्यावी, असेही तेच कलम म्हणते. पण निम्मे कलम पाळले तरी पन्नास टक्के गुण पडतातच.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीकरांची तर सोयच झाली. रस्त्याच्या खड्ड्यासाठी सदस्याचे उंबरे झिजवायला नकोत. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक, त्यामुळे ठराव मांडणारे, मंजूर करणारे आणि राबवणारे कायम एकमताचे. सभात्याग नाही, गदारोळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले. अधिक मास धरत धरत ते चार महिने 31 जानेवारी 2026 पर्यंत पोचले.

तिकडे अमेरिकेत 1951 च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने अध्यक्षाला दोनदाच निवडून येता येते. तिसऱ्यांदा कसे यावे, यावर तिथले घटनापंडित डोके खाजवत आहेत. त्यांनी एकदा जाफराबाद तालुक्याचा अभ्यासदौरा करावा. निवडूनच आले नाही, की मोजायचे काय?