पहिल्या पानाचे उमेदवार

जिल्ह्याच्या गावी चित्रकार म्हणून हयात घालवलेल्या गृहस्थांचे पूर्वी दोनच वर्ग असत. एक, शाळेत चित्रकलेचा तास घेऊन, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरे बसवून, मे महिन्याच्या सुटीत एखाद्या डोंगरावर छत्री रोवून निसर्गचित्रे काढणाऱ्यांचा. आणि दुसरा, दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे आणि निवडणुकीतल्या भिंती रंगवून पहिल्या वर्गाहून चार पैसे अधिक मिळवणाऱ्यांचा. या दोन वर्गांना परस्परांविषयी वाटणारा तिरस्कार इतका निर्मळ असे, की त्यावर गावातल्या दोन-तीन चहाच्या दुकानांचा चरितार्थ सहज चाले. अलीकडे मात्र या दोहोंच्या उरावर बसणारा तिसरा वर्ग उदयास आला आहे. तो पहिल्या पानाचा उमेदवार होय. हे पान कोणत्या मासिकाचे अथवा वृत्तपत्राचे नसून गूगलचे असते, आणि तेथे आपले नाव झळकल्याखेरीज आपला इहलोकीचा मुक्काम सार्थकी लागणार नाही, अशी या उमेदवाराची निष्ठा असते.

या वर्गाचा जो नमुना मला जवळून पाहावयास मिळाला, तो अहिल्यानगरच्या सावेडी भागात राहतो आणि सर्व गाव त्याला ‘सर’ म्हणते. (आमच्याकडे ‘सर’ होण्यास एकेकाळी शिक्षक असणे पुरते, ती पदवी पुढे मृत्यूखेरीज कोणासही काढून घेता येत नाही.) सेवानिवृत्तीच्या समयी सरांच्या पदरी निवृत्तिवेतन, गुडघेदुखी आणि माळ्यावर, पलंगाखाली व न्हाणीघरालगतच्या बोळात रचून ठेवलेली तैलचित्रे एवढी इस्टेट जमा होती. “अहो, एक तर ही चित्रं विका, नाहीतर मला दुसरं घर बघून द्या,” असा निर्वाणीचा खलिता वहिनींकडून सुटल्यावर, पुण्यास नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी एका रविवारी वडिलांच्या नावाची वेबसाइट उभारून दिली आणि चित्रे जगाच्या बाजारात मांडली गेली. जगाने सहा महिने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. तेव्हा सरांना कोणी जाणत्याने सांगितले, की नुसते मांडून भागत नाही, सापडावे लागते. आणि या सापडण्याच्या विद्येस सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, किंवा ज्यांना धाप लागते त्यांच्या सोयीसाठी एसईओ, असे म्हणतात.

विद्येचा पहिला घाव शीर्षकांवर बसला. वासुदेव गायतोंडे यांचे ‘शीर्षकहीन’ एवढेच नाव मिरवणारे एक चित्र 2015 साली मुंबईच्या लिलावात 29 कोटी रुपयांवर गेले, हा दाखला सर ज्याला-त्याला अभिमानाने देत असत. एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर डिजिटल मार्केटिंगचे वर्ग चालवणाऱ्या ज्या तरुणाकडे सरांनी या विद्येची दीक्षा घेतली, त्याने हा दाखला शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, “सर, ‘शीर्षकहीन’ गायतोंड्यांना परवडतं. तुमचं ‘शीर्षकहीन’ टाइप करून शोधणार कोण?” या युक्तिवादास उत्तर नव्हते. त्याच रात्री ‘सांध्यप्रतीक्षा’ या चित्राचे नाव ‘हँडमेड ऑइल पेंटिंग ऑफ अहमदनगर फोर्ट फॉर लिव्हिंग रूम’ असे झाले. ज्या भुईकोटात 1944 साली पंडित नेहरूंनी कैदेत बसून भारताचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला, तो भुईकोट अशा रीतीने दिवाणखान्याच्या सेवेस रुजू झाला. ‘आयएमजी 2034’ असल्या कैद्याच्या बिल्ल्यासारख्या नावांनी पडून असलेल्या छायाचित्रांच्या फायलींनाही रीतसर नावे मिळाली, आणि येथवर, सत्य सांगावयाचे तर, त्या तरुणाचे काहीच चुकत नव्हते.

पंचाईत झाली ती प्रत्येक चित्रामागे लिहावयाच्या वर्णनाची. गूगलला चित्रातली गोडी कळत नाही, त्याची भिस्त शब्दांवर. म्हणून चित्रात काय आहे ते एका ओळीत लिहून ठेवावयाचे असते. सरांनी ते रसग्रहण समजून एकेका चित्रावर दीड-दीड पान लिहिले. “सर, जे दिसतं तेवढंच लिहा,” असे तरुणाने सांगताच, “जे दिसतं तेवढंच लिहायचं तर चित्र कशाला काढलं?” म्हणून सर उसळले. पण अंध माणूस संगणकापुढे बसला असता यंत्र हीच ओळ त्याला वाचून दाखवते, हे कानी पडताच त्यांचा राग कोठल्या कोठे गेला. त्या संध्याकाळी ते स्वतःच्याच एका चित्रापुढे खुर्ची ओढून बसले आणि पुष्कळ खाडाखोड करून त्यांनी लिहिले : ‘डोंगरावर आठ कोनांची तीन मजली दगडी इमारत, खाली वाळलेले गवत, डाव्या बाजूस दोन शेळ्या, त्यांतली एक मागे वळून पाहते आहे.’ शेळी मागे वळून पाहते आहे, हे ते चित्र काढणाऱ्यासही त्याच दिवशी कळले. सरांच्या एसईओच्या कारकिर्दीत शुद्ध फायद्याची अशी ही एवढीच बाब मला आढळली आहे.

ही आठ कोनांची इमारत शहराच्या पूर्वेस डोंगरावर असून तिला सारा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो. वास्तविक ती मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. मोगलांविरुद्ध किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचा तिच्याशी या नावापलीकडे काही संबंध नाही. हे सर जाणून होते, आणि त्यांचे शेजारी, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, तर ही गोष्ट दुधाची पिशवी देणाऱ्या मुलालाही सांगून चुकले होते. पण लोक शोधतात ‘चांदबिबी महाल’. आता चित्राखाली खरे नाव घालावे तर कोणी फिरकत नाही, आणि खोटे घालावे तर भिंतीपलीकडे प्राध्यापक राहतात! अखेर सरांनी ‘सलाबतखानाची कबर, जिला लोक चुकीने चांदबिबी महाल, चांद बीबी महाल, चांदबिबीचा महाल असेही म्हणतात’ असा तोडगा काढला. त्यात तीन चुकीची नावे सत्याच्या आश्रयाने सुखरूप आत शिरली. प्राध्यापकांनी आठ दिवस अबोला धरला.

तो मिटतो न मिटतो तोच गावाच्या नावाचा प्रश्न उभा राहिला. 2024 साली जिल्हा अहिल्यानगर झाला. चौंडीची लेक म्हणून अहिल्यादेवींविषयी सरांच्या मनात परमादर; शासनाच्या हुकमाविषयीही माजी शिक्षक या नात्याने आदरच. परंतु वेबसाइटवर ‘अहमदनगर’ शेकडो ठिकाणी पेरलेले, आणि बाहेरगावचे लोक तर सवयीने जुनेच नाव शोधणार. रोमन लिपीत ते नाव लिहिण्याच्या दोन-तीन तऱ्हा, नव्या नावाच्या आणखी दोन, आणि गावकऱ्यांच्या तोंडी मात्र नुसते ‘नगर’, जे शोधू जाता शिवाजीनगरपासून उल्हासनगरपर्यंत महाराष्ट्रातील यच्चयावत नगरे हात जोडून उभी राहतात. शेवटी सरांनी प्रत्येक चित्राच्या वर्णनात ही सर्व नावे एकापुढे एक अशी घातली, की ते वाचताना बसचा वाहक थांबे पुकारतो आहे असा भास व्हावा. शिवाय ‘मेटा कीवर्ड’ नामक एका अदृश्य रकान्यात त्यांनी दोनशे शब्दांची नव्याने भर घातली. हा रकाना आपण विचारातच घेत नाही असे गूगलने 2009 सालीच जाहीर केले होते. परंतु जाहीर झालेली गोष्ट व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर पोहोचण्यास जो अवधी लागतो, तो अद्याप पुरा झाला नव्हता. एवढ्यानेही समाधान न होऊन सरांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत आणखी शब्द लिहिले, म्हणजे ते यंत्रास दिसावेत आणि गिऱ्हाइकास दिसू नयेत. रशियन चित्रकार मालेविच याने 1918 साली पांढऱ्यावर पांढरा चौकोन रंगवून अमरत्व मिळवले. सरांचे हे त्याच जातीचे एकमेव चित्र गूगलच्या कायद्यात मात्र फसवणूक ठरते, असे कळल्यावर चिरंजीवांनी पुण्याहून ते घाईघाईने पुसले.

यापुढचा काळ दरखास्तींचा. गूगल प्रत्येक वेबसाइटच्या मालकास एक दप्तर उघडून देते. त्यात आपल्या कोणत्या पानाची दखल घेतली व कोणत्याची नाही, हे शेऱ्यासह नमूद असते, आणि न घेतलेल्या पानासाठी पुन्हा अर्ज गुजारता येतो. सरांचे तीर्थरूप मामलेदार कचेरीत कारकून होते. अर्ज गुजारणे हे सरांच्या रक्तातच होते. रोज पहाटे स्नान उरकून ते हे दप्तर उघडीत. त्यांच्या बहुतेक पानांपुढे जो शेरा होता, त्याचे मराठी करावयाचे तर ‘पाहिले, परंतु तूर्त नोंद घेतलेली नाही’ असे होईल. माझ्या अल्प माहितीप्रमाणे मोगल, पेशवे आणि इंग्रज या तिन्ही अमलांत मिळून एवढा मुरब्बी शेरा कोणत्याही अंमलदारास सुचलेला नाही. त्यात नकार नाही, म्हणून अपील नाही. कारण नाही, म्हणून खुलासा नाही. आणि ‘तूर्त’ असल्यामुळे आशा मात्र अखंड तेवत राहते.

प्राध्यापकांनी सांत्वन केले तेही याच सुरात. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित 1565 च्या सुमारास निजामशाहीत सिद्ध झाले व ते आज पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातील चित्रांत सुलतानाजवळ बसलेली राणी पुढे कोणीतरी रंग फासून नाहीशी केली आहे, आणि चित्रकाराचे नाव तर कोठेच नाही. “साडेचारशे वर्षं झाली सर,” प्राध्यापक म्हणाले, “त्या बिचाऱ्याचीही तूर्त नोंद नाही.” सरांना यातून जे वाटायला हवे होते ते वाटले नाही, त्यांनी मंडळाच्या वेबसाइटवरून आपल्याला एखादी लिंक मिळेल का, अशी पृच्छा केली.

लिंक हे या उमेदवाराचे दुसरे व्यसन. इतरांच्या वेबसाइटवरून आपल्याकडे बोट दाखवले गेले म्हणजे गूगलच्या लेखी आपले वजन वाढते, आणि बोट दाखवणारा जितका वजनदार तितके ते अधिक वाढते, हे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना काढलेले तत्त्व इतर जिल्ह्यांतल्या लोकांना समजावून सांगावे लागते. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या जिल्ह्यात, जेथे सभासदाची शिफारस आणि संचालकाची शिफारस यांतला फरक पाळण्यातल्या पोरासही ठाऊक असतो, तेथे सरांना ते एका वाक्यात उमगले. “म्हणजे वशिला!” ते म्हणाले, आणि कामास लागले. भाच्याच्या खतांच्या दुकानाची वेबसाइट, विहिणीच्या माहेरचे मंगल कार्यालय, एका माजी विद्यार्थ्याचा दंतवैद्यकीय दवाखाना, सर्वांकडून त्यांनी लिंका गोळा केल्या. हल्ली त्या दवाखान्याच्या पानावर दातांची मुळे साफ करण्याच्या दरपत्रकाखाली ‘आमच्या सरांची अप्रतिम तैलचित्रे येथे पाहा’ अशी ओळ आहे, आणि दाढ ठणकत असताना ती वाचणाऱ्याच्या मनात सरांविषयी काय भाव उत्पन्न होत असतील, याची कल्पना करवत नाही.

आणि एके दिवशी सर खरोखरच पहिल्या पानावर आले. स्वतःच्या मोबाइलवर ‘अहिल्यानगर ऑइल पेंटिंग’ शोधताच पहिल्या ओळीत आपलेच नाव! वहिनींनी पेढे आणले. मी पेढा तोंडात टाकून माझ्या मोबाइलवर तेच शब्द शोधले, तो पहिल्या पानावर भिंतींच्या रंगाचे विक्रेते, दुसऱ्यावर मोटारी रंगवणारे गॅरेज, आणि सर कोठेच नाहीत. दिवसातून चाळीस वेळा स्वतःलाच धुंडाळणाऱ्या माणसाचा कल यंत्राच्या ध्यानी येतो आणि त्याला हवे ते ते पुढ्यात आणून ठेवते, हा खुलासा चिरंजीवांनी फोनवरून केला. पेढा गिळावा की नाही, असा क्षणभर प्रश्न पडला. वहिनींनी मात्र फोन ठेवता-ठेवता विचारले, “म्हणजे इतकी वर्षं मी जे करत आले, तेच ना?”

लोकांचा खरा शोध कशाचा चालला आहे, हेही दप्तरात पाहता येते. तो सात घोड्यांचा चालला होता. वास्तुशास्त्राच्या नावाखाली धावत्या सात पांढऱ्या घोड्यांच्या चित्रास देशभर जी मागणी आहे, ती पाहून सरांनी प्रथम तुच्छतेने नाक मुरडले, मग ‘अभ्यास म्हणून’ एक घोडा रेखाटला, आणि सध्या माळ्याखाली चार घोडे पुरे झालेले असून पाचव्याचे खूर राहिले आहेत. “सुरतेहून असला कागदी छाप पाचशेच्या आत घरपोच मिळतो, सर,” असे मी सुचवून पाहिले. “त्या घोड्यांना ॲनाटमी नाही,” ते म्हणाले.

गेल्या महिन्यात सरांकडे एक अस्सल गिऱ्हाईक आले. कोपरगावचे एक कांद्याचे व्यापारी. दाढ काढून घेण्यास त्याच माजी विद्यार्थ्याकडे गेले असता त्यांनी प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर शेळ्यांचे चित्र पाहिले, आवडले, पत्ता विचारला आणि गाल सुजलेल्या अवस्थेत थेट सावेडी गाठली. “तसलंच एक पाहिजे, मोठं. पैशाचं बघू नका,” एवढे त्यांना कसेबसे बोलता आले. मी तेथे बसलो होतो. सरांच्या मुखावर आनंद पसरावयास हवा होता; पसरली ती चिंता.

“म्हणजे तुम्ही आम्हाला गूगलवर नाही शोधलंत?”

“नाही बा. डॉक्टरनं सांगितलं.”

“तसं नका करू. आता इथं बसूनच एकदा शोधा, आमच्या पानावर या, आणि तिथनं ‘खरेदी’वर बोट ठेवा. आकड्यात यायला पाहिजे ना! आणि नंतर दोन ओळी अभिप्राय लिहा; त्यात अहिल्यानगर, अहमदनगर आणि चांदबिबी महाल हे शब्द येऊ द्यात.”

व्यापारी मोठे सज्जन. त्यांनी चष्मा लावला, गालावर एक हात धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सर सांगतील ती अक्षरे लिहिली आणि बराच वेळ पडद्यावर वर-खाली केले. सर मान उंचावून पाहत होते. मग व्यापाऱ्यांचा अंगठा थबकला आणि सुजलेल्या गालाने जेवढे हसता येईल तेवढे हसून त्यांनी मोबाइल सरांपुढे धरला.

“सर, हे घोडे बघितले का? सात आहेत. चारशे नव्याण्णव.”