मागच्याचा मान

सिग्नल लाल. पुढचा बाइकवाला कायद्याने थांबलेला, पण मागून तिसरा हॉर्न आला की तो ओशाळतो आणि झेब्रा पट्ट्यांवर सरकतो. पोलिसापेक्षा मागच्याची भीड मोठी!

मुंबई पोलिसांनी ही नाडी अचूक ओळखली. त्यांनी काही सिग्नलना आवाजमापक जोडले. गोंगाट 85 डेसिबलपुढे गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. जानेवारी 2020 अखेर त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. हॉर्नवाल्याकडे वळून डोळे वटारणारे शेजारी त्यात फुकटात मिळाले.

हायवेवर मात्र शेजारधर्म उतू जातो. पुढे पोलीस दिसले की समोरून येणारा अनोळखी माणूसही आपुलकीने डिपर मारतो. लगेच कोपरातलं हेल्मेट डोक्यावर चढतं. मामा मागे पडले, की पुन्हा कोपरात.