झाकण काढलेली गाडी

पेट्रोलचा भाव आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. हवेचा हिशेब मात्र कुणी विचारत नाही, कारण ती फुकट मिळते. वजनाच्या मापात एक भाग पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. पंपावर पावती फाडून घेतो त्याच्या कितीतरी पट माल इंजिन वाटेवरून उचलत असतं, आणि आपल्याकडच्या वाटांवर काय काय पडलेलं असतं ते वेगळं सांगायला नको.

मी या हिशेबात पडलो तो भाच्यामुळे. पाचगणीजवळच्या एका माळावर तो पर्यटकांना एटीव्ही भाड्यानं फिरवायला देतो. एटीव्ही म्हणजे वर मोटरसायकलीचं हँडल आणि सीट, खाली फुगलेली चार चाकं. 1970 साली होंडानं हे प्रकरण अमेरिकेत विकायला काढलं तेव्हा त्याला तीनच चाकं होती. ती वळणावर माणसाला सहज खाली ठेवत. 1982 मध्ये सुझुकीनं चौथं चाक लावून जरा माणुसकी दाखवली. टायरात हवा इतकी कमी, पाच-सहा पीएसआय, की पंक्चरवाल्याला बघून दया यावी. त्या मऊ, खाचदार चाकांच्या जोरावर गाडी कुठलाही चढ चढते, आणि तीच चाकं मागे असा धुरळा उडवतात की पुढची गाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. एप्रिल-मे महिन्यात तर माळभर घोट्याएवढा लाल फुफाटा. पांढरे शर्ट घालून आलेली मंडळी अर्ध्या तासात विटेच्या रंगाची होऊन उतरतात आणि वर पैसे देऊन खूश असतात.

गाड्या जातात ओळीनं. सगळ्यात पुढे भाच्याचा पोरगा वाट दाखवायला, मागे गिऱ्हाईक. शेवटच्या गाडीवर बहुधा घरातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस असतो, म्हणजे वडील. पुढच्या सगळ्यांची धूळ ते खातात आणि त्यांच्याखालचं इंजिनही खातं. गाडी अडीचशे सीसीची असेल आणि कुणी अंगठ्यानं थ्रॉटल पुरता दाबून धरला, तर ते इंजिन मिनिटाला सात-साडेसातशे लिटर हवा ओढू शकतं. निवांत बसलेला माणूस घेतो सहा ते आठ लिटर. वडिलांची काळजी आहेच, पण जास्त काळजी खाली काय चाललंय त्याची.

झालं असं की एक गाडी चढाला ओढेना. तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीनं कान लावला आणि निदान केलं, "गुदमरतीय बिचारी." सीटखाली एक काळा प्लॅस्टिकचा डबा असतो, त्यात फिल्टर. डब्याच्या झाकणाला अरुंद नळीसारखं तोंड. एवढ्याशा तोंडातून एवढं मोठं इंजिन श्वास कसा घेणार, असा मिस्त्रीचा सवाल होता. त्यानं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि डब्याच्या कडेला ड्रिलनं भोकं पाडून दिली. भाचा मला फोनवर म्हणाला, "मामा, आवाज ऐका नुसता!" फोन त्यानं गाडीच्या बुडाशी धरला होता. आवाज खरोखर जबरदस्त होता.

इथेच सगळी गोम आहे. तो डबा आणि ते अरुंद तोंड कंपनीनं काही कंजूषपणानं ठेवलेलं नसतं. हवा आत जाताना दर खेपेला धडका देते. त्या धडकांचा आवाज डबा गिळतो, आणि पाणी, चिखल, चाकांनी उडवलेली माती यांना सरळ वाट देत नाही. झाकण काढलं की तो सगळा घुमार थेट मांड्यांखालून निघतो. बसणाऱ्याला वाटतं, ताकद वाढली. दोन झाडांमधलं अंतर घड्याळ लावून मोजू, असं मी सुचवलं, तर भाचा म्हणाला, "त्याची गरज नाही मामा, कळतंयच की." लग्नाच्या वरातीपासून गणपतीपर्यंत आपला सगळा सार्वजनिक अनुभव याच समजुतीवर चालतो, त्यामुळे मी पुढे बोललो नाही.

मिस्त्रीवर अन्याय करायचा नाही. हवा मोकळी मिळाली तर इंजिन थोडं जास्त जोर देतं, हे खरं आहे. मात्र त्याबरोबर कार्ब्युरेटरचा जेट बदलून पेट्रोलही वाढवावं लागतं. नाहीतर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, प्लग काढून पाहिला तर त्याचं टोक पांढरंफटक निघतं. जेट फार मोठा बसवला तर प्लग काजळीनं काळा. दोन्हींच्या मधला फिक्कट बिस्किटी रंग आला की मिस्त्रीच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. हे सगळं शास्त्र बरोबर आहे, पण ते पाऊस पडून गेल्यावरच्या हवेतलं शास्त्र आहे. मे महिन्यातल्या माळावर मोकळ्या दारातून हवेबरोबर जे येतं त्याला जेट नसतो.

धुळीबद्दल आपली समजूत अशी की मोठा खडा वाईट, बारीक धूळ बरी. इंजिनात उलटं असतं. खडा फिल्टरपर्यंतच पोचत नाही, पोचला तरी अडकतो. घातक कण असतात पाच ते वीस मायक्रॉनचे. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड, त्याच्याही कितीतरी खालचे. रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ थर असतो त्यात हे कण नेमके मावतात आणि मग दोन्ही बाजूंना घासत बसतात. आमच्या लाल मातीला तिचा रंग देणारं लोहखनिज मोह्सच्या कठिणतेच्या मापात साडेपाच-सहाच्या घरात आहे, वाळूतलं क्वार्ट्झ तर 7. पिस्टनचं ॲल्युमिनियम त्यांच्यापुढे लोणी. अशी धूळ तेलात कालवली की व्हॉल्व्ह घासायची जी पेस्ट मिस्त्री दुकानातून विकत आणतो, ती इंजिन स्वतःच घरच्या घरी तयार करतं.

हंगाम संपायच्या आत ती गाडी निळा धूर मारायला लागली, ऑइल खायला लागली. इंजिन खोललं. सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं तर नखाला उभ्या रेघा लागत होत्या. फिल्टरपासून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरं फडकं घालून फिरवलं, ते लालसर होऊन बाहेर आलं. ही नळी फिल्टरच्या पलीकडची, म्हणजे तिथे धुळीचा कणही दिसता कामा नये. मिस्त्रीनं फडक्याकडे पाहिलं, सिलिंडरकडे पाहिलं, आणि म्हणाला, "रिंगा डुप्लिकेट असणार."

त्यानंतर भाच्याला स्वच्छतेचा झटका आला. रोज संध्याकाळी सगळ्या गाड्यांचे फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारायची. कागदी फिल्टरच्या बाबतीत हे झाकण काढण्याइतकंच वाईट. जोराच्या हवेनं कागदाची छिद्रं फाटतात, आणि दर वेळी डबा उघडताना थोडी माती स्वच्छ बाजूला पडतेच. त्यात आणखी एक गंमत आहे. थोडा मळलेला फिल्टर नव्या कोऱ्या फिल्टरपेक्षा धूळ चांगली अडवतो. एस.टी.च्या दारात बोचकी घेतलेली दोन माणसं अडकली की मागून हडकुळ्यालाही आत शिरता येत नाही, तसं आधी अडकलेले कण नंतरच्यांना अडवतात. अर्थात दार पुरतं बंद झालं की इंजिन खरंच गुदमरतं. तेव्हा फिल्टर कधी साफ करायचा हे संध्याकाळ झाली म्हणून ठरत नाही, गाडी ओढेनाशी होऊ लागली की ठरतं. हे भाच्याला पटवणं अवघड गेलं, कारण स्वच्छतेविरुद्ध बोलणारा मामा कुणाला आवडतो?

दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, हे सगळं कट्ट्यावर बसून ऐकत होते. त्यांचा जुना ट्रॅक्टर रोटावेटर लावून धुळीच्या ढगात चालतो आणि वर्षानुवर्षं इंजिन न खोलता चालतो. त्याच्या बॉनेटवर नळी उभी, नळीच्या डोक्यावर पारदर्शक वाटी. हवा आत शिरताना पात्यांमुळे गरगर फिरते, जाड माती कडेला फेकली जाऊन वाटीत साठते. उरलेली हवा नळीनं खाली येते आणि तेलाच्या भांड्यावर आपटून एकदम वर वळते. हवेला वळता येतं, जड धुळीला येत नाही. ती तेलात बसते. पुढे तेलानं ओली तारेची जाळी. वाटी झटकायची, भांड्यातलं तेल बदलायचं, संपलं. दाजी म्हणाले, "आमच्या ट्रॅक्टरनं मान वर काढलीय. तुमच्या गाड्या मान खाली घालून हिंडतात. माती नाय खाणार तर काय खाणार?"

दाजींना ठाऊक नसेल, पण त्यांच्याआधी ही अक्कल 1915 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फ्रँक डोनाल्डसन नावाच्या ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसाला सुचली. गिऱ्हाइकाचं इंजिन धुळीनं पुन्हा पुन्हा बसत होतं. त्यानं हवेच्या नळीच्या तोंडावर तारेचा पिंजरा करून कापड गुंडाळलं. पुढे त्याच धंद्यात त्याच्या घराण्याची मोठी कंपनी उभी राहिली. विकणाऱ्यानं इंजिन बिघडण्याचं कारण शोधावं आणि ते गिऱ्हाइकाच्या माथी न मारावं, ही मला त्या शोधाहून मोठी गोष्ट वाटते.

याहून मजेदार कथा विमानांची आहे. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर हे ब्रिटिशांचं सगळ्यात देखणं विमान. 1942 मध्ये ते माल्टाला आणि उत्तर आफ्रिकेत पाठवायचं ठरलं तेव्हा वाळूची भीती, म्हणून नाकाखाली व्होक्स नावाचा मोठा फिल्टर बसवला. देखणं विमान एकदम गालफुगी झाल्यासारखं दिसू लागलं. वेग घटला, वर चढण्याचा जोर घटला, वैमानिक वैतागले. फिल्टर काढावा तर वाळू इंजिन खाणार, ठेवावा तर शत्रू पाठीला लागणार. अखेर इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर इथल्या दुरुस्ती केंद्रात कारागिरांनी लहान, सडपातळ फिल्टर बनवला, आणि तो त्या गावाच्या नावानंच ओळखला जाऊ लागला. मला या गोष्टीत आवडतं ते हे, की त्या कारागिरांनी फिल्टर काढून टाकला नाही. झाकणाचा आकार बदलला, झाकण गेलं नाही.

आहे ते इंजिन सांभाळून बाकीचं सुधारायचं, हा धडा आपल्याकडची इंजिनिअरिंगची पोरंही गिरवतात. इंदूरजवळच्या पिथमपूरला 2007 पासून बाहा नावाची स्पर्धा सुरू झाली. पोरांनी स्वतः बांधलेल्या, एका माणसाच्या खडबडीत गाड्या तिथे चार तास सलग पळवायच्या. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघ तिथे हौसेनं जातात. सगळ्यांना सारखंच इंजिन आणि त्याला हात लावायला मनाई. सगळं डोकं मग बाकीच्या गाडीवर चालवायचं, आणि चौथ्या तासाला गाडी चालू असणं हीच मोठी गोष्ट.

शेवटी दाजी, भाचा आणि मी (माझं काम टॉर्च धरणं) यांनी त्या गाडीचं जे केलं ते असं. पाडलेली भोकं बुजवली, झाकण परत बसवलं. झाकणाच्या तोंडाला रबरी होस जोडून तो चाकांपासून दूर, टाकीच्या कडेनं हँडलाजवळ वर आणला. होस जाडच घेतला, कारण अरुंद नळी लांब केली की खरंच गुदमरायला होतं. वर ट्रॅक्टरची असते तशी छोटी वाटी. आत कागदाऐवजी फोमचा फिल्टर: तो रॉकेलनं धुवायचा, पेट्रोलनं नाही, पेट्रोलनं त्याचे चिकटवलेले सांधे सुटतात. मग साबणाच्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचा, चिकट तेल लावून दोन तळहातांत दाबून काढायचा. पिळायचा नाही, फाटतो. फिल्टर जिथे डब्यावर टेकतो त्या कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण धूळ फिल्टरमधून कमी आणि त्याच्या कडेनं जास्त जाते. पुढच्या वेळी उघडल्यावर त्या ग्रीसकडे बघायचं: आतल्या बाजूला बोटाला खरखर लागली तर कुठेतरी फट आहे. या खेपेला आतलं ग्रीस लावलं होतं तसंच निघालं, बाहेरची कड मात्र गेरू लावल्यासारखी. दाजींनी ते बोटावर घेऊन मिस्त्रीच्या नाकापुढे धरलं. मिस्त्री म्हणाला, "रिंगा आता ओरिजिनल आहेत ना."

गाडी शांत झाली, चढाला नीट ओढू लागली. पण धंद्याचा प्रश्न उरला. शेजारच्या माळावर झाकणं काढलेल्या गाड्या गर्जना करत होत्या, आणि गिऱ्हाईक आवाजाच्या दिशेनं जातं. एका शनिवारी मुंबईच्या एका तरुणानं त्या उंच होसकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशासाठी?" भाच्यानं फिल्टर, फोम, ग्रीस यातलं काहीही सांगितलं नाही.

"सर, ही खोल पाण्यातून जाते."

माळावर मे महिन्यात प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येतं. तरुणानं होसशेजारी उभं राहून फोटो काढला, मित्रांना बोलावलं. आता बाकीच्या गाड्यांनाही तसे होस लागले आहेत, आणि होसवाल्या गाडीचं भाडं पन्नास रुपयांनी जास्त आहे.